चाकपट्टीचे केरूनाना

उतारावर गाडी लागली की माझा उजवा पाय आजही आपोआप ब्रेक शोधू लागतो. मला मोटार चालवता येत नाही, आणि सायकलवरून उतरून ती हातात धरून नेणाऱ्यांपैकी मी आहे. तरी पाय शोधतो. शेजारचा विचारतो, "काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही, मुंग्या आल्या पायाला." खरं म्हणजे त्या क्षणी मला केरूनाना आठवलेले असतात. भीती ही खोकल्यासारखी एकाची दुसऱ्याला लागते, असं मला कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही. पण मला ती लागली आहे, आणि कोणाची लागली हेही मला पक्कं ठाऊक आहे.

चाकणच्या अलीकडे, नदीच्या वरच्या अंगाला ते गाव आहे. नाव मुद्दामच सांगत नाही. तिथले लोक मोठे प्रेमळ, पण आपल्या रस्त्याबद्दल परक्यानं बोललेलं त्यांना खपत नाही. मी तिथं मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, आणि त्याचं बांधकाम बघायला लोक हौसेनं गाड्या जुंपून जायचे. एसटी नुकती धावू लागली होती. शाळा म्हणजे धर्मशाळेची ओसरी. ओसरीच्या पुढ्यात रस्ता, आणि तो तिथूनच खाली नदीकडे उतरायचा.

हा उतार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पुन्हा ओसरीवर येऊन बसलो आणि पाणी प्यालो. एका बाजूला मुरमाची दरड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. या 'काहीच नाही'ला गावात घळ म्हणत. रस्ता एक गाडी जाईल एवढाच. गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा असायच्या. त्या वर्षभर रस्ता कापायच्या आणि पावसाळ्यात त्या चाकोऱ्यांतून पाणी घुसून घळीकडची कड ढासळायची. दरसाल रस्ता थोडा थोडा घळीत जात होता. मधल्या बाभळीच्या वळणावर तर कडेला अशी भेग गेली होती की तीत हात घातला तर मनगटापर्यंत जाईल. मी घालून पाहिला नाही. पाहणाऱ्यांनी सांगितलं.

रस्ता गावाचा, म्हणून डागडुजीही गावाची. पंचायतीपाशी दमडी नव्हती. तेव्हा ठराव झाला, की या उतारावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीनं चाकामागं एक आणा द्यायचा, आणि ज्याच्यापाशी रोकड नसेल त्यानं पाटीभर मुरूम आणून उतारावर टाकायचा. त्या पैशांतून घळीच्या कडेनं दगडी कठडा बांधायचा आणि रस्ता वर्षाच्या वर्षाला बुजवून घ्यायचा. याला म्हणायचं चाकपट्टी. ठराव एकमतानं झाला, कारण प्रत्येकाला वाटलं की पट्टी दुसऱ्यानं द्यायची आहे.

आता नाक्यावर उभं करायला दांडगा माणूस हवा. सरपंच दत्तोबांनी सभेत नजर फिरवली आणि ती केरूनानांवर थांबली. नाना म्हणजे सहा फुटी गडी, मान खांद्यात रुतलेली, मिशा गालावर आलेल्या, आवाज आडातून आल्यासारखा. बघणाऱ्याला वाटावं, यानं ऐन उमेदीत चार फड तरी मारले असतील. प्रत्यक्षात नाना तालमीच्या दारावरूनही कधी गेले नव्हते. दुसरा माणूस चितपट पडताना बघवत नाही, म्हणून जत्रेतली कुस्तीही ते पाठ फिरवून ऐकायचे. सगळा गाव हसला. नानांची बायको साळूबाई तर म्हणाली, "अवो, मांजरानं भांडं पाडलं तरी हे मला उठवत्यात, म्हनत्यात तू बघ. आन यांस्नी नाक्यावर?"

दत्तोबा म्हणाले, "गावाला ठावं हाय. परगावच्या गाडीवानाला काय ठावं?"

अशी ती नेमणूक झाली. उताराच्या डोक्यावर, माझ्या ओसरीसमोर, एक खोपट, एक आडवा बांबू आणि बांबूच्या दोरीला धरून उभे असलेले केरूनाना.

पहिल्या शनिवारी, म्हणजे चाकणच्या बाजाराच्या दिवशी, मी मुलांना पाढे म्हणायला लावून दारात येऊन उभा राहिलो. बाजार करून परतणारी एक गाडी आली. गाडीवान तरणा, फेटा तिरपा, बैल उधळ्या जातीचे. बांबू बघून तो कासरा न ओढताच ओरडला, "कशाची पट्टी? कुनाच्या बापाचा रस्ता हाय ह्यो?"

मला वाटलं, आता नाना गुरकावतील. नाना बैलांकडे बघत होते. मग त्यांनी घळीकडे पाहिलं, मग पुन्हा बैलांकडे. त्यांचा एवढा मोठा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"मला भ्या वाटतंय, राव," ते म्हणाले.

"कशाचं?"

"तुमच्या डाव्या बैलाचं. तो बुजरा हाय. बाभळीपाशी कड फुटलीया. तुमी पट्टी न्हाई दिली तरी चालंल. पन खाली उतरून, बैलाच्या म्होरं चालत जा. मला लई भ्या वाटतंय."

आमच्याकडे पुरुषमाणूस हे वाक्य उच्चारत नाही. साप निघाला तर "जरा बाजूला व्हा" म्हणतो, पूर आला तर "पानी जरा जास्ती हाय" म्हणतो. इथं एक मिशाळ, धिप्पाड माणूस भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, लेकराच्या तोंडचं बोलत होता. गाडीवान हसायला गेला, पण त्याला हसू फुटेना. त्यानं एकदा घळीकडे नजर टाकली. मग खाली उतरला, कनवटीचे दोन आणे नानांच्या हातावर ठेवले आणि बैलांच्या पुढं चालत, जपून जपून उतरू लागला.

नाना बसले नाहीत. बांबू पाडला, आणि दोरी हातात घट्ट धरून खाली बघत उभे राहिले. गाडी बाभळीच्या वळणाआड गेली. कितीतरी वेळ नुसता घुंगरांचा आवाज. शेवटी खाली नदीच्या फरशीपुलावर ती पुन्हा दिसली, तेव्हा नानांनी छातीतला श्वास सोडला आणि म्हणाले, "पोचलं." मगच ते दगडावर टेकले.

हा त्यांचा शिरस्ताच होता. प्रत्येक गाडीमागं हेच. पट्टी घ्यायची, बांबू उचलायचा, गाडी खाली फरशीवर किंवा वर माझ्या ओसरीपाशी सुखरूप दिसेपर्यंत उभं राहायचं, आणि मग "पोचलं." पुढल्या बाजारी तोच गाडीवान आला की विचारायचे, "मागल्या खेपंला घरापत्तुर पोचलात ना नीट?" ज्या माणसाला आपल्या पोचण्याची इतकी काळजी त्याला दोन आणे नाकारायला गाडीवानांना संकोच वाटू लागला. काही जण पट्टी चुकवायला घळीतल्या पायवाटेनं बैल हाकायचा विचार करीत, पण त्या पायवाटेचं नाना असं काही वर्णन करीत की ऐकणारा मुकाट्यानं रस्त्याला लागायचा. धाक दाखवून पट्टी वसूल करणारे मी पुष्कळ पाहिले. स्वतःच घाबरून वसूल करणारा हा एकच.

आणि ही भीती म्हणजे सोंग नव्हतं. ते दरडीच्या बाजूनंच चालायचे, अंग मुरमाला घासत. सदऱ्याची एक बाही कायम तांबडी असायची. घळीच्या बाजूला मी त्यांना कधी पाऊल ठेवताना पाहिलं नाही. एकदा मी विचारलं, "नाना, तुम्ही इथं कधी पडला होता का?"

"न्हाई, मास्तर. पडलो न्हाई." त्यांनी बांबूची दोरी हाताला गुंडाळली. "मी सवता गाडी हाकायचो तवा. बाभळीपाशी कड खचली आन माझं चाक भायेर ग्येलं. अधांतरी लटकत व्हतं. बैलांनी खुरं रवली, तसंच धरून ऱ्हायली. मी खाली उतरलो, बैलांच्या पाया पडलो, गाडी वडून काढली. काईसुदिक झालं न्हाई. समदे म्हनले, काई झालं न्हाई तर कशाला भितोस? मला तवापासनं झ्वाप न्हाई."

हे ऐकल्यापासून मीही दरडीच्या बाजूनं चालू लागलो. माझ्या दोन्ही सदऱ्यांच्या बाह्या तांबड्या झाल्या.

त्यांचा दुसरा नाद दगडांचा. भरलेली गाडी वर चढताना बैल दमले की गाडीवान चाकामागं एक दगड लावतो, बैलांना दम खाऊ देतो, आणि मग गाडी पुढं काढतो. दगड तिथंच. खाली उतरून तो बाजूला टाकायची रीत आमच्या मुलखात नाही. मागून येणाऱ्याचं चाक त्यावर चढतं आणि कलतं, पण मागून येणारा म्हणजे नेहमी दुसराच कोणी. नाना दिवस मावळायच्या आत उतारावरून हे दगड गोळा करीत. एकेक दगड पोटाशी धरून आणायचे आणि कड ढासळेल तिथं, हात लांब करून, लांबूनच रचायचे. काठाजवळ जायची तर छाती नव्हती. त्यामुळं कठड्याचा पहिला थर जरा रस्त्याच्या आतच आला. त्यावर पुढं वडाऱ्यांनी रचाई केली. आजही तो कठडा थोडा आत आहे असं म्हणतात.

असं सगळं बरं चाललं असताना बबनराव आला.

त्यानं गावाच्या वरच्या टेकाडाला खडीची खाण घेतली होती आणि पिंपरीच्या बांधकामांना तो खडी पुरवायचा. त्याच्या लॉऱ्या भरून या उतारावरून खाली जायच्या. बैलगाडी वर्षभरात जेवढा रस्ता खाईल तेवढा लॉरी आठवड्यात खायची. बबनरावाशी कोणी बोलायचं नाही. त्याच्या वाटेत आलेल्या एका शेतकऱ्याची कडब्याची गंज पेटली होती, आणि ती कशी पेटली हे सगळ्यांना ठाऊक असून कोणालाच ठाऊक नव्हतं. तो स्वतः लॉरी हाकायचा, भरधाव, आणि बांबू दिसला की भोंगा दाबून धरायचा. पहिल्या दिवशी नानांनी दचकून बांबू वर केला. दुसऱ्या दिवशीही. झालं, शनिवारी गाडीवान म्हणू लागले, "त्यो देत न्हाई, मंग आमीच का द्यावी?" कठड्याचं काम थांबलं. बाभळीची भेग रुंदावत चालली होती, आणि खडीच्या लॉऱ्या तिच्या अगदी काठावरून जात होत्या.

शेवटी एका शुक्रवारी नानांनी बांबू उचलला नाही. लॉरी करकचून थांबली. बबनराव उतरून आला आणि नानांच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "उद्याच्याला हितं दिसलास तर चाकाखाली घीन. पट्टी तुज्या बायकूनं घ्यावी मग." त्यानं हे ओरडून सांगितलं नाही, साध्या आवाजात सांगितलं. ओसरीतल्या मुलांचा पाढा मध्येच तुटला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत आलो, पण शिकवलं काही नाही. फळ्यावर तारीख लिहिली आणि ती पुसून पुन्हा लिहिली. मला खात्री होती की नाना येणार नाहीत, आणि तसंच व्हावं अशी मी देवाला विनवणी करीत होतो. साळूबाईनं घराला बाहेरून कडी घातल्याचंही कानावर आलं होतं. तरी नाना आले. मागच्या परड्यातून आले असावेत. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. त्यांनी बांबूची दोरी धरली तेव्हा सबंध बांबू टकटक वाजू लागला. शनिवार होता. बांबूच्या दोन्ही अंगांना गाड्या थांबल्या, कोणी पुढं होईना. लॉरी आली, चाकावर बबनराव, शेजारी त्याचा ड्रायव्हर इब्राहिम. भोंगा वाजत राहिला, वाजत राहिला, आणि लॉरी नानांच्या पोटापासून हातभर अंतरावर येऊन थांबली.

त्या दिवशी मलाही चिंचवड स्टेशनवरून गाडी गाठायची होती. खडीवर बसून जाऊ द्यावं म्हणून मी आदल्या आठवड्यातच इब्राहिमला सांगून ठेवलं होतं. हातात पिशवी घेऊन मी तसाच उभा होतो. पळावं असं फार वाटत होतं.

नाना म्हणाले, "मालक, पट्टी देऊ नका. पन आज तुमी हाकू नका. इब्राहिमभाईला हाकू द्या, आन तुमी त्या बाजूला बसा. मी बी येतो. खाली पोचल्यावर तुमी म्हनाल ते."

"का रं?"

"मला भ्या वाटतंय," नाना म्हणाले.

बबनराव हसला. सगळ्या गाड्यांसमोर हसला. आणि हसला म्हणूनच त्याला ते नाकारता येईना. घाबरटानं दिलेलं आव्हान घ्यायचं नाही, तर मग घ्यायचं कोणाचं? तो डाव्या दाराशी बसला, नाना मध्ये, इब्राहिम चाकावर. मी पिशवी छातीशी धरून मागं खडीवर चढलो.

आता हे समजून घ्या, की लॉरी हाकणारा उजवीकडे बसतो, आणि खाली उतरताना उजवीकडे दरड होती. बबनरावानं इतके दिवस हा उतार उतरला होता तो दरड बघत. रिकामी लॉरी वर आणताना चाकावर इब्राहिम असायचा, म्हणजे तेव्हाही याच्या वाट्याला दरडच; घळ त्यानं जवळून कधी पाहिलीच नव्हती.

पहिल्या वळणापर्यंत त्याच्या हसण्याचा आवाज मला मागं ऐकू येत होता. मग तो थांबला. मी केबिनच्या टपाला धरून खाली पाहिलं आणि पाहायला नको होतं असं झालं. पुढचं डावं चाक काठावरून जात होतं आणि त्याच्याखालचा मुरूम सुटून घळीत पडत होता. पडलेल्याचा आवाज लगेच येत नव्हता. थोड्या वेळानं येत होता. माझ्याखालची खडी सरकत होती, आणि मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर मला सत्तावीसचा पाढा आठवला.

आतून नानांचा तो खोल आवाज येत होता. "हितं जरा हळू, इब्राहिमभाई. मालक, तुमी भायेर बगा. बगितलं का? रस्ता दिसतुया का तुमास्नी चाकाखाली? मला दिसत न्हाई. आता बाभळ. ही भेग बगा. हितंच माजं चाक लटकत व्हतं. मला भ्या वाटतंय, मालक. तुमचा हात धरू का?"

बबनरावानं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. पण वळण सरलं तेव्हा मला डाव्या खिडकीतून त्याचा हात दिसला. तो दाराची कड धरून होता, आणि बोटं पांढरी पडली होती.

खाली फरशीवर लॉरी थांबली. बबनराव उतरला आणि तिथंच फरशीच्या कडेच्या दगडावर बसला. त्यानं विडी काढली, काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मग इब्राहिमला म्हणाला, "तू बी लॉरी घिऊन हितनंच जातूस की रं. तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं की, मालक," इब्राहिम म्हणाला. "पर तुमाला कसं सांगायचं?"

बबनरावानं विडी पुन्हा खिशात टाकली. त्यानं लॉरीच्या चाकांची पट्टी दिली, आणि दुसऱ्या दिवशी खडीची एक खेप कठड्यासाठी नाक्यावर उतरवली. मात्र नानांशी तो जन्मात पुन्हा बोलला नाही. आपली भीती पाहिलेला माणूस कोणाला आवडतो?

नाना पायीच वर निघाले, दरडीला अंग घासत. मी विचारलं, "नाना, तुम्ही मुद्दाम त्याला त्या बाजूला बसवलंत ना?"

नानांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "मंग काय त्या बाजूला मी बसू? मला भ्या न्हाई का वाटत?"

त्यानंतर कठडा झपाट्यानं उभा राहिला. वरून सुरुवात झाली, खालूनही झाली. दोन्ही तोंडं बाभळीच्या वळणापाशी मिळायची होती. मुरूम पडला, चाकोऱ्या बुजल्या, पावसाळा आला आणि रस्त्याला धक्का न लावता गेला. गाडीवान गाणी म्हणत उतरू लागले. एकही गाडी घळीत गेली नाही. आणि इथंच घात झाला.

चावडीवर सभा भरली. एकानं विचारलं, "एक बी गाडी ग्येली न्हाई. मंग पट्टी कशापायी?" दुसरा म्हणाला, "रस्ता चांगला हाय आता." तिसरा म्हणाला, नाकेदार काय फुकट बसून खातो. दत्तोबांची निवडणूक तोंडावर आली होती. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, कोणालाच अडवलं नाही.

नाना उठले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. "रस्ता चांगला हाय, कारन आपन पट्टी देतुया," ते म्हणाले. "बाभळीची जागा उगडी हाय अजून. त्येवडी हू द्या. ग्येली न्हाई, ग्येली न्हाई म्हनता, पन..." पुढचे शब्द त्यांना सापडेनात. शेवटी ते म्हणाले, "मला भ्या वाटतंय."

सगळी चावडी हसली. मनापासून, डोळ्यांत पाणी येईतो हसली. उतारावर, घळीच्या तोंडाशी जे वाक्य भल्याभल्यांना गाडीवरून खाली उतरवायचं, ते चावडीत, सतरंजीवर, चहाच्या कपाशेजारी कोणाला लागलंच नाही. नाना खाली बसले. पट्टी बंद झाली. खोपट मोडून त्याचे वासे कोणी तरी नेले. बाभळीच्या वळणावर कठड्याची दोन्ही तोंडं एकमेकांकडे बघत तशीच राहिली, मध्ये एका गाडीच्या लांबीची जागा उघडी.

त्याच वर्षी माझी जुन्नरच्या बाजूला बदली झाली.

मध्ये दोन-तीन वर्षं गेली असतील. एका लग्नासाठी चिंचवडला आलो होतो आणि तिथून एसटीनं चाकणकडे निघालो होतो. गाडी खचाखच भरलेली, टपावर लग्नाचं सामान, मी शेवटच्या बाकावर उजव्या खिडकीशी. फरशी ओलांडून चढ लागला तेव्हा लक्षात आलं की वर चढताना घळ उजवीकडे येते. माझा पाय ब्रेक शोधू लागला. रस्ता पुन्हा पार उखडला होता. कठडा मात्र खिडकीखालून सरकत होता, आणि तो दिसत होता तोवर मला धीर होता. मग कठडा संपला. खिडकीखाली काहीच नाही. बाभळ.

आणि तिथंच इंजिन बंद पडलं.

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. मग गाडी मागं सरकली. थोडीच, पण सरकली. बायका किंचाळल्या, पोरं रडू लागली, पुढची माणसं उठून मागच्या दाराकडे लोटली, मागच्या उजव्या चाकाखालची कड दबली आणि गाडी घळीकडे कलली. मला खिडकीतून थेट घळीचा तळ दिसला. मी डोळे मिटले. आपण आता मरणार, हे मला इतकं स्वच्छ कधीच कळलं नव्हतं.

खालून आवाज आला. तो आडातून आल्यासारखा आवाज.

"कुनी हालू नका! जाग्यावर बसा! मला लई भ्या वाटतंय!"

कोणी हसलं नाही. सगळी गाडी आहे तशी खाली बसली. उभे होते ते होते तिथं मटकन बसले, एकमेकांच्या मांडीवर बसले. रडणाऱ्या पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले. मी डोळे उघडले. खिडकीखाली, मागच्या चाकाच्या आणि घळीच्या मध्ये, जिथं उभं राहायला जेमतेम पाऊलभर जमीन होती, तिथं केरूनाना होते. पटका सुटून गळ्यात आलेला, मिशा पिकलेल्या. दोन्ही हातांनी त्यांनी एक दगड चाकामागं सारला होता आणि गुडघ्यानं तो रेटून धरला होता. त्यांचं सगळं अंग कापत होतं. जन्मभर ज्या बाजूला त्यांनी पाऊल ठेवलं नाही त्या बाजूला ते होते, आणि त्यांची पाठ घळीकडे होती.

मला हाक मारायची होती. मी हाक न मारता खिडकीचा गज धरून बसलो.

ड्रायव्हरनं इंजिन पुन्हा चालू केलं. एकदा घुरघुरून बंद पडलं, दुसऱ्यांदा लागलं. गाडीला हिसका बसला, दगडावरून चाक सुटलं आणि आम्ही वर सरकू लागलो. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ बाबा, काय द्यायचं तुमचं?" नानांनी हातानंच नाही म्हटलं. पट्टी बंद होती.

मी मागच्या काचेला तोंड लावलं. नाना दरडीच्या बाजूला आले होते आणि मुरमाला पाठ लावून आमच्याकडे बघत उभे होते. ते बसले नाहीत. गाडी वर धर्मशाळेपाशी पोचली, उताराच्या डोक्यावर सपाटीला लागली. तेव्हा त्यांचे ओठ हलले. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. मग ते वाकले, आमच्या चाकामागचा दगड उचलून त्यांनी पोटाशी धरला, आणि त्या उघड्या जागेशी जाऊन, हात लांब करून, लांबूनच तो तिथं ठेवला. तिथं आधीचेही दगड होते. ते गुडघाभर उंच झाले होते.